मॅडमची साय

रियाध,
शुक्रवार, १० मे १९९१

प्रिय गुणाजी,

कृष्णावहिनींचं पत्र मंगळवारी मिळालं. अक्षर तुझ्या अमिताचं, पण बोलणं सगळं वहिनींचं. पोरीने आईचे उसासेसुद्धा गाळले नाहीत. वहिनी लिहितात की कुडाळच्या बेकरीवाल्याने तुझ्यासाठी दोनदा माणूस पाठवला, तिसऱ्यांदा स्वतः मालवणला आला, आणि तू त्याला चहा पाजून वाटेला लावलंस. कारण काय, तर म्हणे आता माझ्या हातावर माझा भरवसा नाही. घरातही तेच. वहिनी गॅस बंद करतात, मग तू जाऊन बघतोस, अंगणात जातोस, पुन्हा आत येऊन बघतोस. घरी परतल्यापासून हेच चाललंय म्हणे. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो ते ठीक, पण तू तर ताकाकडे बघायलाही तयार नाहीस. वहिनींनी मला विचारलंय की तिकडे नेमकं झालं काय, कारण तू तोंड उघडत नाहीस. त्यांना सवडीने लिहीन. आधी तुला लिहायला हवं.

इकडचं सांगतो. लढाई संपून दोन महिने उलटून गेले. खिडक्यांच्या काचांवर आपण चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या होत्या त्या निघाल्या, डिंक काही निघत नाही. तो खरवडायचं काम या आठवड्यात माझ्याकडे होतं. उन्हाळा जोरात आहे. अल खर्जच्या डेअरीतून क्रीमची गाडी पुन्हा वेळेवर येते. जानेवारीत आपला हुसेनमियाँ लष्कराच्या ट्रकांमागे गाडी घेऊन चार-चार तास अडकायचा आणि क्रीमच्या आधी त्याचं डोकं नासायचं, तसं आता नाही. पाचच्या ठोक्याला डबे उतरवतो आणि मला हैदराबादी शिव्या देऊन जातो. आपल्या गोऱ्या साहेबांच्या कंपाउंडमधला गुरुवारचा चहाही सुरू झाला. हिरवळीवर टेबलं, पांढऱ्या चादरी, तीच ती चिनी मातीची केटली. निम्म्या साहेबांच्या बायका अजून विलायतेहून परतल्या नाहीत, म्हणून पूर्वी दीडशे बन लागायचे ते आता ऐंशीत भागतं.

बन मला येत होते, ते तुला माहीत आहे. डोंगरीच्या भट्टीवर सात वर्षं पाव भाजलेला माणूस मी. पण ते बन थंड करून वरून तिरपे चिरायचे, आत जॅम भरायचा, त्यावर क्लॉटेड क्रीमचा गोळा ठेवायचा आणि मग पिठीसाखर चाळायची, हे थेर मला इथे येऊन कळले. आणि ते क्रीम! मेस सांभाळणाऱ्या बेकेट मॅडमने ते तुला शिकवलं आणि तू त्याचं नाव ठेवलंस मॅडमची साय. पसरट इनॅमलच्या ट्रेमध्ये क्रीम ओतायचं, सकाळी सहाला अगदी मंद ओव्हनमध्ये ठेवायचं, संध्याकाळी सहाला काढायचं, रात्रभर थंड करायचं, आणि मग ती पिवळी जाड साय चमच्याने अलगद उचलायची. हलवायचं नाही, ढवळायचं नाही, आणि काहीही झालं तरी उकळू द्यायचं नाही. पहिल्याच आठवड्यात मी तो ट्रे बघितला. चार तास झाले तरी एक बुडबुडा नाही. मला कीव आली. घेतला डाव आणि लागलो ढवळायला. तू कपाळावर हात मारून घेतलास. म्हणालास, अरे बाबा, ही बासुंदी नव्हे, हिला निजू दे. मी तुला म्हटलं होतं की आमच्या हर्णैला न उकळलेलं दूध पाहुण्याला दिलं तर आई जिवंत सोडणार नाही. तू हसलास, पण मला ते शेवटपर्यंत पटलं नाही. कच्चं ते कच्चंच, असं मला वाटायचं.

तुझ्या हाताबद्दल लिहायचं तर त्या ओव्हनच्या बटणावरचे आकडे कधीच पुसून गेले होते. मी वाकून, ज्योत बघून, अंदाजाने फिरवायचो. तू दुसऱ्याशी बोलत-बोलत फिरवायचास. एकदा मॅडमने तुला न सांगता आत थर्मामीटर ठेवला. ऐंशी हवे होते, ऐंशीच निघाले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ठेवला, पुन्हा ऐंशी. त्यानंतर तिने थर्मामीटर कपाटात टाकला. हे मी मुद्दाम लिहितोय, तुला खूश करायला नव्हे.

मग जानेवारी. साहेबलोकांना मास्क मिळाले, विषारी वायूवरच्या औषधाच्या, मांडीत टोचायच्या सुया मिळाल्या. आपल्याला ओला टॉवेल आणि सूचनांचा एक कागद मिळाला. भोंगा वाजला की पहिलं काम गॅस बंद करणं, दुसरं काम स्नूकरच्या खोलीत पळणं. ती खोली आतल्या बाजूला, म्हणून सुरक्षित. मी तेव्हा फार घाबरलो होतो, गुणाजी. दिवसभर मस्करी करायचो ती त्यासाठीच. बॉम्बची मला एवढी भीती नव्हती. ती दिसत नाही म्हणतात ना, हवेतून येणारी, अन्नात उतरणारी विषारी हवा, तिची भीती होती. खोबरेलाच्या बाटलीचं झाकणसुद्धा मी दहादा घट्ट करायचो.

तो बुधवार तुला आठवत असणारच. दुपारी साडेतीनला भोंगा झाला. ओव्हनमध्ये दुसऱ्या दिवशीची साय, नऊ-साडेनऊ तास झालेले. बेकेट मॅडम किचनच्या दारात होती, तिचा गुडघा धरलेला. तू ओव्हनचं बटण फिरवलंस, यल्ला, चल लवकर, म्हणून मला हाक दिलीस आणि मॅडमचा दंड धरून तिला घेऊन गेलास. मी तुझ्यामागून आलो. थोडा उशिराने आलो. पंधरा-वीस मिनिटांनी एसीच्या जाळीतून धूर आला, तुपाचा जळका वास आला, आणि त्या खोलीत जे झालं ते आठवून मला अजूनही हसू येत नाही. कोणीतरी गॅस म्हणून ओरडलं. त्या तरुण इंजिनियरने सुई काढून मांडीत खुपसली आणि छाती धरून खाली कोसळला. दोन दिवस दवाखान्यात होता, वाचला. भोंगा खोटाच निघाला. क्रीम उतू जाऊन पेटलं होतं, भिंत छतापर्यंत काळी झाली होती, आणि ओव्हनचं बटण पूर्ण उघडं होतं.

कंपाउंडच्या मोठ्या साहेबाने विचारलं ओव्हन कोणी बंद केला. तू म्हणालास, मी. मग त्याने बटण दाखवलं. तू त्या बटणाकडे किती वेळ बघत राहिलास! एकदा स्वतःच्या हाताकडे बघितलंस. मग म्हणालास की घाईत उलटं फिरलं असेल, चूक माझीच. बेकेट मॅडम मध्ये पडली, पण इंजिनियर दवाखान्यात होता, साहेबाला कोणीतरी हवं होतं. अकरा वर्षांची नोकरी, आणि विमानं सुरू होताच फायनल एक्झिट, कायमचं घरी. मी तुझी बॅग उचलून गाडीत ठेवली. तू मला सांगितलंस की साय नीट सांभाळ. मी बरं म्हणालो.

तुझी जागा मला मिळाली. भिंत रंगवली, ओव्हन नवा आला, त्याच्या बटणावर आकडे आहेत. साय बरी होते. मॅडम खाते, बरी आहे म्हणते, आणि दर गुरुवारी विचारते की गुणाजीची काही खबर. मी म्हणतो मजेत आहे. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं माझं तेव्हापासून चाललंय. तरी मी गप्प होतो. स्वतःला सांगायचो की तू आता घरी आहेस, बायको-मुलीत आहेस, मासे खातोयस, तुझं बरंच झालं. मंगळवारपर्यंत ते मी स्वतःला पटवत होतो. वहिनींचं पत्र वाचलं आणि ते सोंग संपलं.

गुणाजी, तू बटण बरोबर फिरवलं होतंस. ओव्हन बंद होता, ज्योत विझली होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तू मॅडमला घेऊन गेलास आणि मी त्या कोमट, अर्धवट सायीकडे बघत उभा राहिलो. वाटलं, हिच्यात विष उतरलं तर उद्या सगळं कंपाउंड मरेल. आणि वाटलं, उकळलं की सगळं मरतं, विषही मरेल. मी काडी ओढली, ओव्हन पेटवला, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि मग पळालो. साहेबाने विचारलं तेव्हा मला वाटलं, तू जुना माणूस, तुला काही होणार नाही. माझा इकामा, इथे राहायचा परवाना, नुकताच झालेला, मला उभं कापतील. तुला संशय आला असता तर तू आज गॅससमोर उभा राहिला नसतास, म्हणून मला ठाऊक आहे की तुला संशयही आला नाही. याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. काल चहा आटोपल्यावर मी साहेबाला आणि मॅडमला सगळं सांगितलं. साहेबाने त्या आगीचा कागद मागवून त्यात माझं म्हणणं तारखेसकट लिहून घेतलं. मॅडम उठून गेली. माझी एक्झिट एकवीस तारखेची आहे. आज सकाळी मॅडमने तुझ्या नावाचा सही-शिक्क्याचा कागद पाठवला, तो सोबत जोडलाय, इंग्रजीत आहे, अमिताकडून वाचून घे. ओव्हन तू बंद केला होतास, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मुंबईला उतरलो की मी आधी हर्णैला जाणार नाही, मालवणला येणार. तुला शिव्या द्यायच्या असतील, हाकलायचं असेल, तर तो तुझा हक्क आहे. एवढंच कर, मी दार वाजवीन तेव्हा वहिनींनी मला सांगावं की ते घरी नाहीत, कुडाळला कामावर गेलेत.

तुझाच,
जलाल