सिंहिणीवरचे निळे थर

फेर्मिनदादा,

शुक्रवार, १४ मे १९७१, सकाळचे सव्वासात. मी उंबरा झाडतोय. दाराजवळच्या ज्या दगडावर बसवून आई तुला बूट घालायची, तो दगड म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी कोरलेली सिंहीण निघाली. काल संग्रहालयवाले तिला घेऊन गेले.

दरवर्षी जत्रेआधी आई भिंतींसोबत तिलाही चुना लावायची, म्हणून आतला तांबडा रंग टिकला, असं अभ्यासक बाई म्हणाल्या. चुना खरवडताना त्यांनी बत्तीस थर मोजले.

"हिनेस, वरचे सहा निळे कसे रे?"

शेजारची रेमेदियोस मावशी हसली. "ह्याच्या आईचा हात सढळ! कपड्यांची नीळ सांडली असेल चुन्यात."

"सहा वर्षं सांडतच होती?" बाईंनी मला विचारलं.

"हो," मी म्हणालो. बाईंनी वहीत तसंच लिहिलं.

खोटं होतं ते. तू जर्मनीला गेल्यापासून आई मुद्दाम नीळ घालायची. सगळी गल्ली पांढरी. आपलं दार तुला लांबून ओळखू यावं म्हणून. हे परक्यांसमोर सांगवलं नाही.

आई जानेवारीत गेली. ते कळवणारी माझी तिन्ही पत्रं तुझ्या पत्त्यावरून परत आली, म्हणून हे पत्र पेटीत टाकणार नाही.

बादलीत नीळ कालवून ठेवलीय. दगड नाही, तर आता दाराची चौकट रंगवतो.

तुझा,
हिनेस