शर्मिष्ठेचा आजार

गोमती नगर, लखनऊ
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय निनाद,

आम्ही बरे आहोत, तूही वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. तुझे भावजी रेल्वेच्या इन्स्पेक्शनला गेलेत. नेत्राला अमीनाबादहून स्वेटर आणला, तर म्हणते, "मम्मी, ये तो आंटी वाला है!" पोरगी भांडतेसुद्धा हिंदीत.

शर्मिष्ठा गेल्यापासून तू फोनवर नुसतं हवापाण्याचं बोलतोस. तू डॉल्फिनांना शिकवतोस त्या आखातातल्या पार्कात एकीला हे नाव ठेवलंस, आणि कुणाला ते उच्चारता येत नाही म्हणून हसायचास.

ती ज्या यीस्टने गेली, ते म्हणजे बुरशीच, आणि ती बुरशी बहुतेकांच्या अंगावर असते, माझ्याही. पण क्लोरिनचं पाणी, सतत अँटिबायोटिक्स, बंद टाकी, अशा ठिकाणी तिला रान मोकळं मिळतं. शर्मिष्ठेच्या डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रातून ती फुप्फुसात उतरली आणि औषधालाही जुमानेना.

बुरशी हे माझं कामच, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी सगळ्या डॉल्फिनांचे आणि तुम्हा प्रशिक्षकांच्या हातांचे नमुने माझ्याकडे तुलनेला पाठवले. तेव्हा तू म्हणालास, "ताई, माझ्या हाताचं तेवढं बाजूला ठेव ना."

मी "अच्छा, बघते" म्हटलं आणि विषय बदलला.

बघितलं. शर्मिष्ठेत आणि उरलेल्या तिघींत एकच यीस्ट आहे. तुझ्या हातांवरही तेच. तुझ्याकडून तिला गेलं की तिच्याकडून तुला, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण एकीला मासा भरवून तोच हात दुसरीच्या तोंडात जायचा, हे तूच कौतुकाने सांगायचास.

नेत्राने विचारलं, "मामा की वजह से मरी क्या?"

"पता नहीं, बेटा," मी म्हटलं. एवढंही मला तुझ्याशी फोनवर बोलता आलं नाही.

त्यातल्या दोघींना दुसऱ्या पार्कात हलवणार होते. तिथे अजून हा आजार नाही. म्हणून काल मी सगळं पाठवून दिलं. तुझ्या हाताचंही. तुमच्या डॉक्टरांचा लगेच फोन आला: हलवणं थांबवलंय, औषध बदलतायत, हातमोजे सक्तीचे केलेत. तुझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. नोकरीचं काय होईल, ठाऊक नाही.

रागावलास तर रागाव. हवं तर फोन उचलू नकोस. पण हात डॉक्टरांना दाखव, आणि त्या तिघींना एकटं सोडू नकोस. त्या तुलाच ओळखतात.

तुझी बाजू न घेतलेली, तरी तुझीच,
अनघाताई