बंद कोठीतला फ्रीज

प्रिय विनोदिनी,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून गौरेशच्या हाती हे पत्र वाळपईला पाठवतेय. तुझ्या या भावासमोर फाडू नकोस; आधी वाच.

चैत्रात आईंची साखर वाढायला लागली तेव्हा तू सरळ विचारलंस, "वहिनी, इन्सुलिन वेळेवर देता मगो?" मी हो म्हटलं. तरी जाताना तू फ्रीज उघडलास आणि बाटली उजेडात धरून पाहिलीस. हळर्णात इतकी वर्षं संसार केला, पण त्या क्षणी मी पुन्हा कुडाळहून आलेली परकी झाले. खरं सांगू? मलाही तुझाच संशय होता. रविवारी तू येऊन गेलीस की आईंच्या उशीपाशी तुझ्या गूळ-नारळाच्या दोदोलाचा वास यायचा आणि सोमवारी साखर चढलेली असायची. कॉलेजातला थर्मामीटर आणून सकाळी फ्रीजमध्ये ठेवला, पारा हवा तिथेच. औषध ठीक, देणारी ठीक, म्हणजे दोष तुझ्या डब्याचा! गौरेशला मी तसं बोलले आणि त्याने ते तुला सांगितलं.

तू यायची बंद झालीस, दोदोलही बंद झाला. साखर मात्र उतरेना. मग मला माझ्याच हाताची शंका यायला लागली. सुई भरली की पुन्हा पुन्हा तपासायची. तोवर आईंच्या पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती.

गेल्या आठवड्यात उन्हाळी वर्गात उष्मागतिकी शिकवत होते. जिचा विचार करायचा ती सिस्टम, उरलेला सगळा सभोवताल. मधली रेघ आपण ओढायची. उदाहरणाला फळ्यावर फ्रीज काढला. आतली उष्णता तो बाहेर टाकतो, असं म्हणत बाण काढला आणि थबकलेच. बाहेर म्हणजे कुठे? चैत्राच्या तोंडावर रंगकामासाठी आपण फ्रीज कोठीत हलवलेला. मांजर शिरतं म्हणून दार बंद, खिडकी बंद. मी मात्र इतके दिवस फ्रीजच्या आतच बघत बसले होते.

दुपारी घरी येऊन कोठी उघडली तर तोंडावर धग आली. फ्रीज तापून बंद पडला होता. आतली बाटली हाताला कोमट लागली. रात्री कोठी निवली की तो पुन्हा चालू व्हायचा, म्हणून सकाळी सगळं ठीक दिसायचं. डॉक्टर म्हणाले, अशा उष्म्याने औषधाचा जोर जातो. नवी बाटली आणली, फ्रीज पडवीत घेतला, आणि साखर उतरायला लागली.

तू म्हणशील, वहिनी मास्तरीण आहे, स्वतःला सोडवून घेतेय. म्हण. त्यासाठी मी लिहीत नाही. अंगठा वाचला नाही गं. सोमवारी तो काढायचा आहे, आणि तू आल्याशिवाय इस्पितळात जायचंच नाही, अशा आई हट्टाला पेटल्यात, "विनू आयल्याबगर हांव खंयच वचना." डॉक्टर सांगतात, उशीर केला तर पाऊल जाईल. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. गौरेशबरोबर गाडीत बस आणि ये.

वाट बघणारी, तुझीच
जानकी वहिनी