दगडावर काय कोरायचं

औरंगाबाद,
गुरुवार, २० मे २०२१

प्रिय प्रेरणाताईस,
सत्यमचा सलाम. दाजींना सलाम. लेकराला लांबूनच पापा.

इकडं सगळे खुशाल आहेत असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं, तूच शब्बाथ शाळेत शिकवलं होतंस. म्हणून लिहिलं. बाकीचं खाली.

तुझा व्हॉइस मेसेज मिळाला. उत्तर द्यायला रोज फोन काढतो, बटण दाबून धरतो, आणि नुसता कावळ्यांचा आवाज रेकॉर्ड होतो. म्हणून म्हटलं लिहावं. गोकुळचा ट्रक कांदे घेऊन नागपूरला चाललाय, तिथून छिंदवाड्याकडं जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती देतो म्हणाला. गोकुळ म्हणजे तोच, ज्याच्या गाडीवर मी क्लीनर होतो. नंतर मी ते सोडून वेरूळला हॉटेलात लागलो, मग शेंद्र्याच्या कंपनीत, मग लॉकडाऊनमध्ये कुठंच नाही, तेव्हा तुझ्या बाबांनी देवळामागची खोली दिली. गोकुळचं टायर बदलून होईपर्यंत मला लिहून संपवायचंय.

देवळाला कुलूपच आहे. मी आठवड्यातून एकदा उघडून बाकं पुसतो. उपासना तुझे बाबा, आमचे पाळकसाहेब, फोनवरूनच घ्यायचे, तू तिकडून ऐकायचीस तेव्हा तुला माहीत आहे. आशाबाईंचा माइक कधी बंद नाही. सगळी मंडळी पापांची कबुली देतीय आणि मधे त्यांच्या कुकरची शिट्टी. प्रभुभोजनाचं तुला कळलं होतं का? काकासाहेब पंच म्हणाले, प्रत्येकानं घरी पाव घेऊन बसावं, पाळकांनी फोनवरून वचन बोलावं. तुझे बाबा म्हणाले, "काकासाहेब, रेंज गेली की अर्धी मंडळी उपाशी राहायची. भेटू तेव्हा एका ताटातलं घेऊ." लोक नाराज झाले. वरीस झालं, कुणीच घेतलेलं नाही. त्यांनीपण नाही.

हे मी का लिहितोय. तू विचारलंस वेगळंच.

तू विचारलंस की काकासाहेब बाबांच्या कबरीसाठी संगमरवर करून घेतायत, त्यावर नावाखाली 'संतोषाने देणारा' असं कोरायचं म्हणतायत, तर कोरू द्यायचं का. "तू तिथं होतास सत्यम, बाबांनी ती मशीन खरंच संतोषानं दिली का, एवढंच सांग." एवढंच, म्हणालीस.

तर मशीनचं असं झालं. मंडळीनं वर्गणी काढून ऑक्सिजनची मशीन आणली तेव्हा तुझ्या बाबांना काही नव्हतं. शेजारच्या मालनमावशीला लई त्रास होता. पुंडलिककाकांनी तिला रिक्षात घालून शहरभर फिरवलं, बेड कुठंच मिळंना, परत घरी घेऊन आले. तुझे बाबा म्हणाले, मशीन भिंतीपलीकडं ने. मी आणि काकांनी भिंतीवरूनच दिली-घेतली. तीच भिंत, जिच्यावरून उडी मारून मी दृढीकरणाच्या वर्गातून पळायचो, आणि पलीकडं मालनमावशी कान धरून आधी ओरडायची, मग ठेचा-भाकरी द्यायची. त्या भाकरीपायी माझं दृढीकरण राहिलं, बाकीच्या पोरांसारखा मंडळीत पक्का घेतला गेलो नाही. असो.

तेव्हा दिली ती हसत दिली. फोनवरच्या उपासनेत त्यांनी ल्यूथरसाहेबांच्या गावात प्लेग आला होता त्याची गोष्टपण सांगितली, की ते पळाले नाहीत, आजाऱ्यांपाशी राहिले. काकासाहेब म्हणाले, "पाळकसाहेब, पण तेव्हा लस नव्हती." पाळकसाहेब म्हणाले, "आत्ता तरी कुठं मिळतीय?" सगळे हसले. आशाबाईंचा कुकरपण.

मग त्यांना ताप आला. तू इथं असतीस तर लवकर लक्षात आलं असतं. ते मला घरात येऊ देत नव्हते. मी खिडकीच्या कट्ट्यावर डबा ठेवायचा, लांब उभं राहायचं, ते घ्यायचे. आवाज बसत गेला. मग डबा तसाच राहायला लागला. आम्ही सगळीकडं फोन केले, दुसरी मशीन नाही, सिलिंडर नाही, बेडसाठी नाव लावलं होतं, फोन येईल म्हणत होते.

काकासाहेब खिडकीशी येऊन बोलले, मी ऐकलं. "मशीन मंडळीची आहे, आधी मंडळीचा माणूस. मी परत आणतो." तुझे बाबा म्हणाले, "तिच्या नाकातून नळी काढायला पाठवतो तुम्हाला. जाता का?" काकासाहेब खाली मान घालून कट्ट्यावर बसले. ते वाईट नाहीत, ताई. त्यांना रडू येत होतं. हेच ते आता सगळ्यांना सांगतात, आणि त्यावरूनच दगड.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

चहा पिऊन आलो. गोकुळ म्हणतोय टायरवाल्याकडं ट्यूब नाही, कुठून तरी मागवलीय. म्हणजे वेळ आहे, सुटका नाही.

गाड्या बंद, कुणी बोलत नाही, त्यामुळं दुपारी कंपाउंडमध्ये भिंतीपलीकडच्या मशीनचा आवाज लई स्पष्ट यायचा. घर्र, मग फुस्स, परत घर्र. तुझ्या बाबांचा पलंग त्याच बाजूच्या भिंतीला आहे. त्या दुपारी मी खिडकीबाहेर कडुलिंबाखाली बसलो होतो आणि लाईट गेली. कूलर थांबला, पंखा थांबला, पलीकडची मशीन थांबली. पुंडलिककाकांचं "अगं, अगं मालन" ऐकू आलं. मी आत बघितलं. तुझे बाबा डोळे उघडे ठेवून पडले होते. भिंतीकडं कान होता. काही बोलले नाहीत. मला वाटलं ऐकायला आलं नसंल. मग म्हणाले, "सत्यम, देवळातला इन्व्हर्टर."

मी पळालो. गाण्यांच्या कीबोर्डसाठी घेतलेला तो, बॅटरीसकट धूड आहे. मी आणि काकांनी भिंतीवरून कसा उचलला देव जाणे, माझा खांदा अजून दुखतोय. मशीन चालू झाली. मावशीचे ओठ निळे पडले होते, त्यांचा रंग हळूहळू परतला. मी खूश होऊन खिडकीशी आलो, सांगितलं, चालू झाली पाळकसाहेब.

तेव्हा त्यांनी सांगितलं. ते जसं बोलले तसंच लिहितो, एक शब्द बोलायला त्यांना लई वेळ लागत होता. "लाईट गेली तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, आता ती जाईल, आता मशीन मला. मी थांबलो सत्यम. तुला लगेच नाही सांगितलं."

मी म्हटलं, काहीतरीच काय.

ते म्हणाले, "रोज आवाज ऐकतो. रोज वाटतं जाऊन काढून आणावी." मग म्हणाले, "प्रेरणा विचारील. तिला खोटं सांगू नको."

म्हणून लिहितोय, ताई. नाहीतर बाळंतिणीला हे कुणी लिहितं का. मी गोड काहीतरी ठोकून दिलं असतं, मला येतं ते, हॉटेलात गिऱ्हाइकांपुढं रोज तेच केलं.

अजून आहे. ते म्हणाले, "मला क्षमेचं वचन सांग." मी म्हटलं, मी कसं सांगू, ते तुम्ही सांगायचं असतं. ते म्हणाले, "स्वतःला सांगता येत नाही. दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं. कुणीही ख्रिस्ती माणूस सांगू शकतो." मी म्हटलं, पाळकसाहेब, माझं दृढीकरण राहिलंय, मला ते शब्द पाठ नाहीत. म्हणाले, "येतात ते सांग."

दुसऱ्या पाळकांना फोन लावला, लागंना. काकासाहेबांना लावला, बिझी. सगळ्या मंडळीत मीच तिथं. काकासाहेबांना तोंडपाठ आहे सगळं, आशाबाईंना आहे, तुला आहे. आणि खिडकीशी कोण, तर मी.

मी म्हणालो, "पाळकसाहेब, माफ आहे. मशीन मागावीशी वाटली तेपण माफ. लाईट गेल्यावर बरं वाटलं तेपण माफ. सगळं माफ आहे."

त्यांनी विचारलं, वर्गात विचारायचे तसंच, "कोणाच्या नावानं?"

मी म्हणालो, येशूच्या. आणि नेमकी तेव्हाच लाईट आली. तो तुमचा जुना कूलर, ताई, तो चालू झाला की माणूस माणसाचं ऐकत नाही. मी परत ओरडून म्हणालो, येशूच्या नावानं. त्यांचं तोंड भिंतीकडं होतं. त्यांनी हात वर केला. ऐकलं म्हणून केला, का जा आता म्हणून, का आणखी काही, मला समजलं नाही. मग लगेच बेडचा फोन आला, अँब्युलन्स आली, पूर्ण झाकलेली माणसं त्यांना घेऊन गेली. पुढचं तुला दवाखान्यातून कळलं. आम्हाला गेटपाशीपण उभं राहू दिलं नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्यांदा दिली ती संतोषानं. नंतर रोज दिली ती संतोषानं नाही. पण दिली, परत घेतली नाही. हे दगडावर मावत नाही. काकासाहेबांना काय सांगायचं ते तू ठरव. मला विचारशील तर नुसतं नाव राहू दे. पण मला कोण विचारतं.

मालनमावशी उठून बसली. मशीन काल परत दिली, स्वच्छ पुसून, वरून नवा टॉवेल घालून. भिंतीवरून नाही, गेटातून आली, काकांचा हात धरून. कट्ट्यावर बसली, पलंगाच्या खिडकीकडं बघत. म्हणाली, "सत्यम, खरं सांग. मशीन हिकडं असती तर?"

काका म्हणाले, "चल घरी, काय बी बोलती."

"तुमी गप ऱ्हावा. मी त्याला इचारती."

मी म्हटलं, मावशी, मला नाय माहीत. ते खरंच आहे, मला माहीत नाही. ती म्हणाली, "मंग लिही प्रेरणाला. म्हणावं, मालन तोंड दाखवायच्या लायकीची ऱ्हायली नाय." तेव्हापासून काही खात नाही म्हणतात काका. मी जाऊन माफ म्हणू शकत नाही. ते माझं नाही. एकदा म्हणालो, तेच लागलं का हवेत गेलं, मला माहीत नाही.

तू पाळकांची लेक. तुला त्यांचं हात वर करणं लहानपणापासून माहीत आहे, कळलं तर मला कळव. ते नाही जमलं तरी चालंल. पण पुंडलिककाकांचा नंबर तुझ्याकडं आहे. लेकरू झोपलं की फोन लाव आणि मावशीला तुझ्या तोंडून सांग, माफ आहे म्हणून. तिला स्वतःला ते सांगता येत नाहीये.

आणि बोलताना सावकाश बोल. काकांकडंपण कूलर आहे.

गोकुळ हॉर्न वाजवतोय.

दृढीकरण राहिलेला,
खिडकीबाहेरचा,
सत्यम