काठापर्यंत आलेली चीर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंद्याने हिरे पारखणारा, सध्या निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. देण्याआधी त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं, तिने मान हलवली, मगच पेन उघडलं. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बायकोचा आहे, पण तो अठ्ठेचाळीस वर्षांचा असल्यामुळे आता सवयीत मोडतो.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक पत्नीला, तिच्यानंतर मुलीला. न्हाणीघरातला गळका नळ घरासोबतच जाईल. तो मी उद्या बघणार होतो.

२. शेजाऱ्यांनी नेलेली शिडी शेजाऱ्यांकडेच राहावी. मात्र ती मी दिली, असं त्यांनी चारचौघांत म्हणावं. नऊ वर्षं ते ‘आमची शिडी’ म्हणतात आणि माझा जीव वरखाली होतो.

३. पत्नीच्या बोटातली अंगठी पत्नीचीच आहे, पण हे लपवून मरणं बरं नाही: तिच्या हिऱ्यात काळा ठिपका आहे. लग्नाच्या वेळी याहून चांगला हिरा मला झेपत नव्हता. ठिपका कडेला होता, म्हणून तो अंगठीच्या, हिरा पकडून ठेवणाऱ्या नखीखाली येईल असा बसवून घेतला आणि ‘निर्दोष आहे’ म्हणून छाती फुगवली. काल हे कलम तिला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “पहिल्याच वर्षी तुमच्या भिंगातून पाहिला. बरंच झालं. कुणी बदलला असता तर ओळखला तरी असता.” सत्तेचाळीस वर्षं मी पारखी म्हणून या घरात मिरवत होतो.

४. माझ्याकडचे दोन सुटे हिरे मुलीला. त्यातला एक तिने माझ्या नातीच्या अंगठीसाठी निवडावा आणि निवडताना बापाचं ऐकावं, निदान एवढ्या एका बाबतीत. बाळे, आधी भिंग लावू नकोस. हिरा हातभर अंतरावर धर आणि नुसत्या डोळ्यांनी बघ. जे तिथून दिसत नाही, त्यासाठी झोप घालवू नये. मग भिंग घे. काहीतरी दिसेलच. ज्यात काहीच दिसत नाही, तो हिरा एक तर फार महाग असतो किंवा काच असते. कडेचा ठिपका चालेल. पांढरा तर खुशाल चालेल. मधोमध काळा नको, कारण बघणाऱ्याची नजर तिथेच जाऊन बसते. धुरकट ढग विरळ असेल तर सोडून दे. दाट असेल तर हिरा झोपेतून उठल्यासारखा दिसतो. आतल्या आत राहिलेली बारीक चीरही चालेल. पण जी चीर काठापर्यंत येऊन पोचली आहे, ती केसाएवढी असली तरी घेऊ नकोस. हे मी कुठे शिकलो, ते पुढच्या कलमात आहे. ते वाचून बाप लहान वाटला तर वाटू दे.

५. माझं भिंग, चिमटा आणि कागदाच्या पुडीत ठेवलेला हिऱ्याचा एक तुकडा मी आमच्या दुकानात पूर्वी हिरे बसवणाऱ्या जडणाऱ्याला देत आहे.

चौतीस वर्षांपूर्वी एक मोठा हिरा मी पास केला. मध्ये स्वच्छ, चमक अशी की मालकांना मी आधीच सांगून बसलो होतो, डोळे मिटून विकत घ्या. मग तो जडणाऱ्याकडे गेला. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “दादा, ही चीर काठापर्यंत आलीय. नखी दाबली की तुटेल.” मी म्हणालो, “पारखी तू की मी? दाब.” वीस वर्षांत मी पास केलेला एकही हिरा तुटला नव्हता, त्याची ही मस्ती. त्याने दाबली. टक् झालं. मालक आले. तो म्हणाला, “मी सांगितलं होतं.” मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, “नाही. याचा हात घसरला.”

त्याच दिवशी त्याला काढलं. पुढे कुठल्याच दुकानाने त्याच्या हातात हिरा दिला नाही. त्याने चौकात चष्मे दुरुस्तीची टपरी टाकली. मालक गेले, मी बोललो नाही. चौतीस वर्षं माझा चष्मा मोडला की मी दोन गल्ल्या पलीकडे जायचो. दुसऱ्याच्या चिरा शोधून पोट भरणाऱ्या माणसाची ही तऱ्हा. त्याचा हात घसरला नव्हता. मी खोटं बोललो. मला लाज वाटते. हे मी मेल्यावर दुकानाच्या नव्या मालकांसमोर मोठ्याने वाचावं.

नोंद (सही करण्यापूर्वी जोडलेली): पाचवं कलम ऐकून पत्नी म्हणाली, “मेल्यावर माफी मागणार? मग त्याने तुम्हाला चार शब्द सुनावायचे कधी?” आणि ती स्वतः चौकात जाऊन त्याला घेऊन आली. तो समोर बसला. माझ्या नाकावरचा वाकडा चष्मा काढून त्याने खिशातल्या पेचकसाने नीट केला आणि म्हणाला, “त्या गल्लीतला स्क्रू कधी घट्ट बसवतच नाही.” मग हे सगळं वाचलं. दोनदा वाचलं. शेवटी त्याने विचारलं, “साक्षीदार कोण?” मी म्हणालो, डॉक्टर आणि हे बसलेले वकीलसाहेब. तो म्हणाला, “एक मी होतो.” वकीलसाहेबांनी समजावलं की ज्याला काही मिळणार आहे, त्याने साक्षीदार होऊ नये. भिंग, चिमटा, पुडी, सगळं टेबलावरच होतं. त्याने ते एका हाताने माझ्याकडे सरकवलं. “मग मला काही नको, दादा. सही करतो.”

सबब पाचव्या कलमातली देणगी रद्द. कबुली कायम. तीही मी मरायची वाट न बघता येत्या सोमवारी दुकानात उभा राहून स्वतः वाचीन. पत्नी सोबत येणार आहे, म्हणजे पळता येणार नाही.

स्थळ: राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर
दिनांक: १४ मार्च, सकाळी अकरा

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार पहिला: डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरा: जडणारा, वय एकोणसत्तर. मजकूर वाचला. एक दुरुस्ती आहे. मी एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं. (सही)

दुरुस्ती मान्य. (मृत्युपत्र करणाऱ्याची सही)