खाटेवरून पाहिलेली भिंत

जळगाव
१४ फेब्रुवारी १९५६

प्रिय आबा,

सासऱ्यांना सुनेने ‘तीर्थरूप’ लिहावं, हे मला ठाऊक आहे. पण आज मनातलं लिहायचंय. तुमच्या डोळ्यांवर ऑपरेशनची पट्टी आहे, तेव्हा धुळ्याच्या दवाखान्यात सोबतीला असलेले अभिमनभाऊजी हे वाचून दाखवतील.

शाळा बरी चाललीय. तिसरीच्या मुली आता माझं ऐकतात. बिऱ्हाडाला दुसरी खोली मिळाली आणि चार दिवस मी तिच्या रंगातच अडकले. झुलाल रंगाऱ्याला म्हटलं, पांढरा नको, राखाडी दे. त्याने चुन्यात काजळी कालवून भिंतीवर दोन पट्टे ओढले. एकात थोडी नीळ, दुसऱ्यात चिमूटभर गेरू. निळसर राखाडी स्वच्छ दिसत होता. जळगावचा उन्हाळा आठवून मी तोच लाव म्हटलं. इथे राहणार कोण, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, तसा त्याने कुंचला खाली ठेवला.

“मग खाटेवर पडून बघा, बाई. उभ्याने ठरवू नका.”

पडले. खिडकी उत्तरेची, त्यामुळे भरदुपारीही ती निळसर भिंत परकी वाटली. धुळ्याच्या वसतिगृहातली माझी खोली अशीच होती. मी तिथे शिकायला गेले तेव्हा हे जाऊन वर्षही झालं नव्हतं. विधवा सुनेला मास्तरीण करून काय मिळणार, असं भाऊबंद तुम्हाला तोंडावर विचारत होते. तुम्ही कुणाशी वाद घातला नाहीत. माझी पेटी खांद्यावर घेऊन एरंडोलहून मोटारीत बसलात आणि फाटकाशी एवढंच म्हणालात, “शिकी ले पोरी. मी शे ना.” पुढे दर महिन्याला यायचात, अंगणात घटकाभर बसून परत जायचात. त्या भेटींवर मी दोन वर्षं काढली. हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

गेरूचा राखाडी मात्र मऊ वाटला, भिंत जवळ आल्यासारखी. तोच लावून घेतला.

आबा, पट्टी सुटल्यावर काही महिने लख्ख पांढरं तुम्हाला सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणालेत. खोली तुमच्यासाठी आहे. सासूबाई गेल्यापासून तुम्ही एकटेच चूल पेटवता, आणि भाऊजींना भुसावळला रेल्वेच्या ड्यूटीवर परतावंच लागेल. सुनेच्या बिऱ्हाडात राहणं तुम्हाला अवघड वाटेल, म्हणून भेटीत विचारायचा धीर झाला नाही, पत्रात विचारतेय. रविवारी धुळ्याला न्यायला येते. नाही म्हणू नका.

तुमचीच लेक,
कुंदा