काजळीच्या काचेवरचं नाव

चाकण, १७ नोव्हेंबर १९६९

चि. खंडूस,
तुझ्या आक्काचा जय भीम आणि आशीर्वाद.

परवा पलटणीचा कागद आला. चीनच्या लढाईत तुझे दाजी बेपत्ता झाले त्याला सात वर्षं पुरी झाली, म्हणून आता त्यांना मयत धरावं, असं त्यात आहे. कागद इंग्रजीत, म्हणून मी तो राजगुरुनगरला कचेरीत नेला. तिथल्या भाऊसाहेबांनी दोनदा वाचून अर्थ तोच सांगितला. मी विचारलं, कुठं काही सापडलं का. ते म्हणाले, बाई, तसं यात काही नाही, पण सरकारच्या लेखी माणूस गेला. मग मला बसायला लावून पाणी दिलं.

रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी कांद्याच्या वखारीत सगळ्या बाया माझ्या तोंडाकडं बघत होत्या. कांदा निवडताना डोळ्यांत पाणी येतंच, त्यामुळं त्यांना हवं ते बघायला मिळालं.

आता मुद्द्याचं. काळेवाडीच्या चिमाजीरावांचं विचारणं वर्षभर चालू आहे. पिंपरीला कारखान्यात फिटर आहेत, बायको बाळंतपणात गेली, एक मुलगी आहे. बोलतात कमी, पण बोलले तर आधी विचार केलेला असतो. सासूबाईच माझ्या मागं लागल्यात. म्हणतात, माझा ल्योक गेला तो गेला, तू काय माझ्यासंगं म्हातारी व्हायला बसलीस व्हय. मार्गशीर्ष पौर्णिमेला देहूरोडच्या विहारात लग्न लावू, असं त्यांचं ठरलंसुद्धा.

माझं अडतंय ते एवढ्यावर. दाजी लढाईवर गेले ते तुझ्या त्या छावणीच्या थेटरातून. मी त्यांना शेवटचं तिथंच पाहिलं. तू रोज त्याच जागी अंधारात बसून पगार खातोस. तेव्हा तूच सांग, हो म्हणायला मी मोकळी आहे का?

जेवणाची हेळसांड करू नकोस. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी आक्का,
कस्तुरा


देहूरोड, २४ नोव्हेंबर १९६९

ती. आक्कास,
खंडूचा सप्रेम जय भीम. वि. वि.

हो म्हण. चिमाजीरावांसारखा माणूस शोधून सापडणार नाही. हे माझं उत्तर, आणि खरं तर पत्र इथंच संपवायला हवं होतं. पण तू थेटराचं विचारलंस आणि मला खोटं लिहिता येत नाही.

तुला ठाऊक आहे, खेळ चालू असताना एखाद्या जवानाला ड्यूटीवर बोलावलं तर माझ्या प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये फोन वाजतो. मी काजळी धरलेल्या काचेवर दाभणानं त्याचा नंबर आणि नाव कोरतो, काच बाजूच्या छोट्या दिव्यात सरकवतो, आणि चालू सिनेमावर पांढऱ्या अक्षरांत नाव उमटतं. तो माणूस उठून दाराशी येतो आणि मालोजीला, म्हणजे आमच्या डोअरकीपरला, आपलं नाव सांगतो. मालोजी दोरी ओढतो, घंटा माझ्या डोक्यावर वाजते, मग मी काच काढतो. घंटा वाजल्याशिवाय काच काढायची नाही, हा इथला जुना नियम.

मागच्या शनिवारी सहाच्या खेळाला एका ड्रायव्हरला बोलावणं आलं. नाव लावलं, तो उठला, घंटा वाजली, मी काच काढून छोटा दिवा मालवला. तरी पडद्यावर नाव होतंच. ड्रायव्हरचं नव्हे, दाजींचं. नंबरासकट.

मोठ्या मशिनीत काही अडकलं असेल म्हणून मी काळ्या चष्म्यातून आत पाहिलं. पडद्याला उजेड देणाऱ्या कार्बनच्या कांड्या नीट जळत होत्या, फिल्म सरळ चालली होती. खिडकीतून खाली पाहिलं, तर फॅमिलीच्या रांगेत कुणीतरी उठलं होतं. डोकं आणि खांदे काळे दिसत होते. लोकांना आड येऊ नये म्हणून वाकून तो माणूस रांगेतून बाहेर निघाला, आणि रांगेतल्या बायांनी त्याला वाट द्यायला पाय आत घेतले. ते मी पाहिलं, आक्का. घंटा मात्र वाजली नाही. रीळ संपलं, मी दुसरी मशीन चालू केली, तिच्या उजेडात नाव नव्हतं.

मालोजी म्हणतो, ड्रायव्हरशिवाय चिटपाखरू बाहेर आलं नाही. कांड्यांचा धूर माझ्या डोक्यात गेलाय, रोज गुळाचा खडा खात जा, असा त्याचा सल्ला. काच मी धुऊन उन्हात धरली, तिच्यावर ओरखडासुद्धा नाही. बुधवारी पुन्हा तेच झालं, आणि त्या दिवशी कुणाला बोलावणंही नव्हतं. अक्षर माझं नाही. माझ्या आधीचे ऑपरेटर कोंडाजीमामा असं तिरपं लिहायचे, आणि मामांना जाऊन आता बराच काळ झाला.

धम्म घेतला तेव्हा आपण भूतखेत आणि देवऋषी वेशीबाहेर ठेवले. ते बरंच केलं. पण अशा वेळी काय करायचं असतं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

तू हो म्हण. सासूबाईंना यातलं काही सांगू नकोस.

तुझ्या मायेवरच इथं टिकून असलेला,
खंडू


चाकण, २९ नोव्हेंबर १९६९

चि. खंडूस,
आक्काचा आशीर्वाद.

चिमाजीरावांना मी थांबा म्हणून निरोप धाडलाय. कारण सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, म्हणून जास्त वाईट वाटलं.

तू मला भिववलंस असं समजू नकोस. पत्र वाचून मला पहिल्यांदा बरंच वाटलं. कागदात ते कुठंच नव्हते, तुझ्या पत्रात निदान उठून चालले तरी होते. मागाहून मात्र रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

लढाईचं बोलावणं आलं त्या दिवशीचं सांगते. नावं एकामागून एक येत होती, रांगाच्या रांगा रिकाम्या होत होत्या. लोक आधी हसत होते, मग हसायचे थांबले. यांचं नाव आलं. हे उठले, मला फक्त पाठ दिसली. मी शेंगांची पुडी यांच्या खुर्चीवर ठेवली, जागा कुणी घेऊ नये म्हणून. पुढं सिनेमा तसाच चालू राहिला आणि मी तो बघितलासुद्धा.

एक गोष्ट मालोजीला विचार. त्या गर्दीत यांच्यासाठी घंटा वाजली होती का? दाराशी सांगून गेलेला माणूस आणि न सांगता गेलेला माणूस यात तुमच्या नियमानं फरक पडत असेल, तर मला तो कळायला हवा.

मालोजीनं टिंगल केली तर म्हणावं, माझ्या आक्काशी गाठ आहे.

तुझी,
आक्का


देहूरोड, ९ डिसेंबर १९६९

ती. आक्कास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझा प्रश्न ऐकून मालोजीनं ओठातली बिडी काढून कानामागं खोचली. मग म्हणाला, त्या दिवशी मैदानाकडचं दारही उघडलं होतं. जे त्याच्या दारानं गेले त्यांच्यासाठी त्यानं दोरी ओढली, तिकडून गेले त्यांची घंटा वाजलीच नाही. शेवटची काच कोंडाजीमामांनी खेळ संपल्यावर घंटेशिवाय तशीच काढली. ती कुणाची, हे त्याला आठवत नाही.

गेल्या शनिवारी पुन्हा दाजींचं नाव आलं, रांगेतला तो माणूस उठला. खाली मालोजी, जो कशालाच मानत नाही, त्यानं आपणहून दोरी ओढली. घंटा वाजली आणि पडद्यावरचं नाव गेलं. मला वाटलं, सुटलो. दाजीही सुटले.

पण रविवारपासून निराळंच चालू झालंय. आपल्या खुर्च्यांना स्प्रिंग आहे, माणूस उठला की बैठक आपोआप वर जाते. फॅमिलीच्या रांगेत भिंतीकडची दुसरी खुर्ची आता खाली असते. तिच्यावर कुणी नसतं. तिच्या शेजारी लोक बसत नाहीत, का ते त्यांनाही सांगता येत नाही. काल एक लहान पोर त्या खुर्चीकडं बघून हसलं आणि आईच्या मांडीवर चढलं. खेळ संपून हॉल रिकामा झाला तरी बैठक खालीच. मी वर मशीन बंद करून कांड्या विझवतो, तेव्हा ती फाटकन वर जाते. मिस्त्रीनं स्प्रिंग तपासली, चांगली आहे.

घंटा वाजली, ड्यूटी संपली, म्हणून परत येऊन बसले असावेत. याहून दुसरं मला सुचत नाही. मालोजीनं चेष्टा सोडून दिलीय, ते मला जास्त जड जातंय.

काल चिमाजीराव आले होते. काहीतरी अडलंय एवढं त्यांनी ओळखलं होतं. मी सगळं सांगितलं, रागावू नकोस. पूर्ण खेळभर ते भिंतीला टेकून उभे राहिले. निघताना म्हणाले, खंडूराव, तुमचे दाजी किसनराव जिवंत परत आले असते तर मी हात जोडून बाजूला झालो असतो. हे जे आहे त्याचं काय करायचं, ते तुमच्या आक्काच ठरवतील. पौर्णिमा टळली तरी माझी ना नाही.

मला काय करायचं ते कळव. मी रोज वर एकटा असतो.

तुझा,
खंडू


चाकण, १४ डिसेंबर १९६९

चि. खंडूस,
आक्काचा जय भीम आणि आशीर्वाद.

सासूबाईंना सगळं सांगितलं. घरात दोघीच राहतो, किती दिवस लपवणार. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. चूल सारवली आणि म्हणाल्या, त्याला म्हणावं, आई बरी हाय, गुडघं तेवढं दुखत्यात.

इतकी वर्षं मी वाट पाहिली, आता ते माझी पाहताहेत असं दिसतं. त्यांना तसंच बसवून ठेवून मला विहारात बसता येणार नाही. आणि त्यांच्या शेजारी जन्मभर बसणंही मला जमणार नाही. दोन्ही एकदम कळलं, तेव्हा मन थोडं हलकं झालं.

येत्या शनिवारी सहाच्या खेळाला मी येते. भिंतीकडच्या दुसऱ्या खुर्चीच्या शेजारची जागा माझ्यासाठी ठेव. मध्यंतरापर्यंत बसेन. काय बोलायचं ते माझं मी बघते. मध्यंतरानंतर दिवे गेले की तू काच लाव. तिच्यावर माझं नाव लिही, नुसतं कस्तुरा, मागं कुणाचंही नाव नको. फोन आलेला नसताना काच लावणं तुमच्या नियमात बसत नाही, ते मला कळतं. एकदाच कर.

नाव आलं की मी उठेन, मालोजीला नाव सांगेन आणि त्याच्याच दारानं बाहेर येईन. मैदानाकडचं दार त्याला आधीच कडी घालून ठेवायला सांग. चिमाजीरावांना निरोप गेला आहे. ते बाहेर उभे राहतील, आत येणार नाहीत.

घंटा वाजली की काच काढ. वाजायला उशीर लागला तर घाबरून खाली धावत येऊ नकोस. कांड्या संपत आल्या तर नव्या लाव, पण मी दाराबाहेर येईपर्यंत मशीन बंद करू नकोस; ती विझली की ते उठतात, आणि ते माझ्या आधी उठायला नकोत.

बाकी शनिवारी समक्ष. तोवर जीव सांभाळून राहा.

तुझी आक्का,
कस्तुरा